२०२०: जमिनीवरची सीमा बंद, हवेतली उघडी. सेसनाने बेलिंगहॅम गाठलं त्याची गोष्ट

आकाशकंदील (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. परवा भाचीचा चौथा वाढदिवस झाला. जुने फोटो चाळताना एक फोटो सापडला. बेलिंगहॅमच्या विमानतळावर कुंपणाच्या जाळीतून माझ्या बहिणीच्या नवऱ्याने काढलेला. लांबवर आमचं सेसना १७२ हे छोटं एक इंजिनाचं विमान, शेजारी मास्क लावलेला कस्टम्सचा अधिकारी आणि विमानाच्या पंखाखाली स्टीलचा डबा हातात घेऊन उभी असलेली मी. डब्यात डिंकाचे लाडू होते. हा सगळा प्रकार कधीतरी नीट लिहून ठेवायचा होता, म्हणून हा धागा.

मी कॅनडात सरेला राहते, म्हणजे व्हँकुवरच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीला टेकून. धाकटी बहीण पलीकडे, अमेरिकेतल्या बेलिंगहॅमला. गाडीने तासाभराचं अंतर. आधी आम्ही शनिवारी जेवायला एकमेकींकडे जायचो, इतकं ते साधं होतं. मग २१ मार्च २०२० ला कॅनडा-अमेरिका सीमा ‘अत्यावश्यक नसलेल्या’ प्रवासासाठी बंद झाली. आधी एक महिना म्हणाले. पुढे दर महिन्याला एकेक महिना वाढत गेला.

बहिणीला ऑक्टोबरात बाळ होणार होतं. आई पुण्याहून यायची ठरली होती, पण वकिलातीतलं व्हिसाचं काम मार्चपासून थांबलेलं. बाळ दोन आठवडे आधीच आलं. सिझेरियन झालं आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. घरात ती, तिचा नवरा आणि बाळ. रात्री व्हिडिओ कॉलवर ती नुसती रडत होती, काही बोलत नव्हती.

आता मुद्द्याचं. अमेरिकेने जे निर्बंध लावले होते ते जमिनीवरच्या नाक्यांना, रेल्वेला, फेरीबोटींना आणि खाजगी होड्यांना होते. विमानाने येणाऱ्या कॅनेडियन नागरिकाला ते लागू नव्हते. हे मी सरकारी आदेशाच्या मूळ मजकुरात वाचलं. एकदा नाही, चार वेळा वाचलं. तरी खात्री करायला एका कार्यालयात फोन केला, तर तिथल्या बाईंनी ठामपणे सांगितलं, “सीमा बंद आहे, तुम्हाला जाता येणार नाही.” तो फोन ठेवून मी जिथे उतरायचं होतं तिथल्याच कस्टम्सला फोन लावला. तिथले गृहस्थ म्हणाले, “पासपोर्ट कॅनडाचा आहे ना? कागद पूर्ण असतील तर या.” अशा दिवसांत कोणी तुम्हाला ‘नाही’ म्हटलं तर निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला विचारा, एवढं मी त्यातून शिकले.

माझ्याकडे वैमानिकाचा खाजगी परवाना २०१६ पासून आहे. चौघांनी मिळून घेतलेलं एक जुनं १७२ बाउंड्री बे विमानतळावर असतं. उरलेल्या तिघांना विचारलं, तीन आठवडे विमान तिकडे ठेवू का? तिघांनी एका दिवसात हो म्हटलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तयारीला उड्डाणापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. विमानाची कागदपत्रं: नोंदणी, उड्डाणयोग्यतेचा दाखला, रेडिओ स्टेशनचा परवाना. देशात उडताना हा शेवटचा कोणी विचारत नाही, सीमा ओलांडताना लागतो. माझी कागदपत्रं: परवाना, वैद्यकीय दाखला, रेडिओ ऑपरेटरचं प्रमाणपत्र. अमेरिकी कस्टम्सचं वर्षाचं स्टिकर. मग ई-एपिस नावाच्या संकेतस्थळावर विमान आणि माणूस दोघांची माहिती भरायची, निघण्याच्या निदान ६० मिनिटं आधी. त्यानंतर उतरण्याच्या परवानगीसाठी वेगळा फोन. फ्लाइट प्लॅन तर हवाच, आणि हद्द ओलांडण्याआधी नियंत्रकाकडून स्वतःचा स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा क्रमांक) मिळून तो ट्रान्सपॉन्डर या यंत्रावर लावलेला हवा. त्या वर्षाच्या जानेवारीपासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांच्या आसपास विमानाचं ठिकाण आपोआप कळवत राहणारी एडीएस-बी यंत्रणा सक्तीची झाली होती, ती आमच्या विमानात नव्हती. बेलिंगहॅम त्या पट्ट्यात येत नाही म्हणून निभावलं. सिॲटलला जायचं असतं तर गाडं तिथेच अडलं असतं.

अंतर सुमारे २५ नॉटिकल मैल. पंधरा-वीस मिनिटांचं उड्डाण! त्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं, माउंट बेकरवर नवा बर्फ पडलेला. धावपट्टी सोडली की उजवीकडे पॉइंट रॉबर्ट्स, डावीकडे व्हाइट रॉकचा लांबलचक लाकडी धक्का. आणि त्याच्या पुढे सीमेच्या नाक्यावरची, पीस आर्चची पांढरी कमान. एरवी तिथे गाड्यांची रांग महामार्गावर मागपर्यंत दिसते. त्या दिवशी नाक्यावरच्या लेन रिकाम्या होत्या, राखाडी पट्टे नुसते. पण शेजारच्या बागेत हिरवळीवर छोटे छोटे तंबू होते. मी बाराच्या पुढे मोजले, मग नियंत्रकाचा आवाज आला आणि मोजणं राहिलं.

वारा पाठीमागून होता आणि मी कळवलेल्या वेळेच्या सहा मिनिटं आधी पोचत होते. कळवलेल्या वेळेआधी उतरलात तर दंड होतो, पहिल्याच चुकीला ५,००० डॉलरपर्यंत. टॉवरची परवानगी घेऊन बर्च बेवर दोन गिरक्या घेतल्या. खाली भरती उतरलेली, ओल्या वाळूवर एक माणूस आणि एक कुत्रा. ती सहा मिनिटं मला सगळ्यात जास्त आठवतात. बहीण तिथून दहा मैलांवर होती आणि मी घड्याळाकडे बघत गोल फिरत होते.

उतरल्यावर कस्टम्सच्या चौकोनात विमान उभं करायचं, इंजिन बंद, आणि अधिकारी येईपर्यंत आत बसून राहायचं. ते आले, किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र विमानाभोवती फिरवलं, कागद पाहिले, कारण विचारलं. मी म्हटलं, बहिणीचं बाळंतपण. खाण्याचे पदार्थ फॉर्मवर लिहिलेच होते. डबा उघडून दाखवला. खसखस मी मुद्दाम घातली नव्हती, उगीच प्रश्न नकोत म्हणून. डिंक म्हणजे काय ते समजावताना माझी जरा त्रेधा उडाली. झाडाचा चीक, तुपात तळून फुलवलेला, बाळंतिणीसाठी. ते म्हणाले, माझी आजी सूप करायची. शिक्का मिळाला.

तीन आठवडे राहिले. शेकशेगडी तिथे कुठली, गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं. बाळाला न्हाऊ घालायला मी कधी शिकले नव्हते. आई पुण्याहून व्हिडिओवर सांगायची, “पालथं घे, मान धर, पाणी कानात नको,” आणि मी करायचे.

परतीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, बोटं दुखली.

कातरवेळ

ताई, एका दमात वाचलं. त्या सहा मिनिटांपाशी डोळ्यांत पाणी आलं. पुढचं लवकर लिहा.

सागरगोटा

वाचतोय. एक प्रामाणिक प्रश्न. तेव्हा चाचणी लागत नव्हती का? मला विमानाच्या प्रवासाला आरटीपीसीआर आठवतेय.

आकाशकंदील

सागरगोटा, ती नंतर आली. कॅनडात विमानाने येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतली चाचणी ७ जानेवारी २०२१ पासून, अमेरिकेत २६ जानेवारी २०२१ पासून, आणि अमेरिकेची ती अट छोट्या खाजगी विमानांनाही होती. मी ऑक्टोबर २०२० मध्ये गेले आणि महिना संपायच्या आत परतले. कॅनडात येण्याआधी माहिती भरायचं अराइव्हकॅन ॲप सुद्धा विमानाने येणाऱ्यांना सक्तीचं झालं ते २१ नोव्हेंबरपासून.

तर परतीचं. कॅनडाचा नागरिक परत येऊ शकतो, तो त्याचा हक्कच आहे. पण १४ दिवसांचं विलगीकरण सक्तीचं होतं. ते मोडलं तर क्वारंटाइन कायद्याखाली साडेसात लाख डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मालवाहू आणि प्रवासी विमानांच्या कर्मचाऱ्यांना सूट होती; माझ्यासारख्या हौशी वैमानिकाला नाही, आणि नसावीच.

निघताना पुन्हा ई-एपिस, कारण अमेरिका सोडतानाही ते भरावं लागतं. कॅनडाच्या बाजूला कॅनपासच्या, म्हणजे तिथल्या कस्टम्सच्या, क्रमांकावर फोन, उतरण्याच्या निदान दोन तास आधी आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी. आमच्या प्रांताला विलगीकरणाचा आराखडा वेगळा द्यायचा होता: कुठे राहणार, वाणसामान कोण आणणार, घरात कोण कोण. उतरल्यावर विमानातूनच पुन्हा फोन करायचा. त्या दिवशी अधिकारी आले, काचेबाहेरूनच प्रश्न विचारले आणि नोंदीचा क्रमांक दिला. विमानाची किल्ली मी पेटीत टाकली. भागीदारांपैकी एक जण लांब उभे होते, त्यांनी हात केला. मी गाडीत बसून थेट घरी. वाटेत दूधसुद्धा घ्यायला थांबले नाही. घरी नवरा आणि मुलगा वरच्या मजल्यावर, मी तळघराच्या खोलीत. चौदा दिवस जिन्याच्या पायरीवर ताट. सरकारी फोन यायचे, घरीच आहात ना, ताप आहे का. मी प्रत्येक फोन घेतला.

वीस मिनिटांच्या उड्डाणाची किंमत चौदा दिवस. ती मान्य असेल तरच जायचं, हे आधी ठरवलं होतं.

उंबरठा

लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट मला बोलायची आहे. राग मानू नका. तुम्ही वरून जे तंबू पाहिलेत, त्यांतल्या एकात आम्ही असायचो.

मी तेव्हा अमेरिकेत रेडमंडला, नोकरीच्या एच-१बी व्हिसावर. बायको कॅनडात बर्नबीला, तिथली पीआर, म्हणजे कायम रहिवासी. लग्नाला आठ महिने झालेले. जून २०२० मध्ये कॅनडाने नागरिक आणि पीआर असलेल्यांच्या जवळच्या नातलगांना येऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला जाता आलं असतं. पण त्यासाठी किमान पंधरा दिवसांचा मुक्काम, त्यातले चौदा दिवस विलगीकरण, आणि माझा अमेरिकेचा व्हिसा संपलेला. त्याच जूनमध्ये बाहेरून नवे एच-१बी व्हिसा देणं थांबवल्याचा आदेश निघाला. कॅनडातून ३० दिवसांच्या आत जुन्या शिक्क्यावर परत येता येतं असा नियम आहे, हे वकिलाने सांगितलं होतं. पण तेव्हा कशावर विश्वास ठेवायचा? नोकरी गेली तर घरच जाणार. त्यामुळे बाग.

पीस आर्चच्या बागेतला कॅनडाचा भाग जूनमध्येच बंद केला होता. वॉशिंग्टनचा भाग उघडा राहिला. बायको कॅनडाकडच्या झीरो ॲव्हेन्यू रस्त्याच्या बाजूने गाडी लावून चालत यायची. मधे फक्त एक गवताचा उतार आणि पाण्याची चर. त्या कमानीला लोखंडी दारं आहेत, भिंतीला कायमची उघडी बसवलेली, आणि वर कोरलंय, ‘ही दारं कधीही बंद न होवोत’. आम्ही त्याच्यापासून शंभर पावलांवर बसून थर्मासमधला चहा प्यायचो.

ज्याच्याकडे विमान आहे त्याला हवेतून वाट होती आणि ज्याच्याकडे नाही त्याला चर. एवढंच म्हणायचंय.

टेकडीवरचा

उंबरठा यांचं म्हणणं पटतं. पण हे विमानापुरतं नव्हतं. व्यावसायिक विमानसेवा चालू होती. व्हँकुवरहून सिॲटलला तिकीट काढून कॅनडाचा कोणीही नागरिक जाऊ शकत होता. ओंटारिओतून तर लोक हेलिकॉप्टरने बफेलोला जात होते, आणि त्यांची गाडी ट्रकवरून पलीकडे पोचवली जायची. हिवाळ्यात फ्लोरिडाला जाणारे ज्येष्ठ नागरिक त्यात पुष्कळ. नियमच असा होता की चाकं जमिनीवर असतील तर बंद आणि हवेत असतील तर उघडं.

मी अँकरेजला असतो. इथला त्रास वेगळा होता. अमेरिकेच्या खालच्या राज्यांतून अलास्काला छोटं विमान आणायचं तर मधे कॅनडा आडवा. बेलिंगहॅम ते अलास्कातलं केचिकान सरळ रेषेत सुमारे ५२० नॉटिकल मैल. साध्या सेसना १७२ ला तेवढं एका टाकीत, वर राखीव इंधन धरून, झेपत नाही. एरवी पोर्ट हार्डीला किंवा प्रिन्स रूपर्टला इंधन भरतात, दोन्ही कॅनडात. माझ्या ओळखीच्या एकाने त्या उन्हाळ्यात मोठ्या टाक्यांचं सेसना १८२ घेतलं आणि न थांबता, किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं. नुसतं वरून गेलात आणि उतरला नाहीत तर कॅनडात प्रवेश केला असं होत नाही. पण खाली थंड पाणी, उतरायला जागा म्हणजे फ्योर्डचे कडे, आणि पुढे हवा बिघडली तर मागे फिरायचं इंधन किती उरलंय याचं गणित दर अर्ध्या तासाने. सात दिवस तो बेलिंगहॅमला हवेची वाट बघत बसला होता. मला त्याचा तो सात दिवस बसण्याचा निर्णय उड्डाणापेक्षा मोठा वाटतो.

कॅनडातून अलास्काला गाडीने येणाऱ्यांना ३१ जुलै २०२० पासून फक्त पाच नाके ठेवले होते आणि आरशाला एक पाटी अडकवायला द्यायचे, अमुक तारखेच्या आत कॅनडाबाहेर पडा अशी. वाटेत फिरायला थांबायचं नाही.

बाराखडी

पॉइंट रॉबर्ट्सचा उल्लेख वाचून राहवलं नाही. नकाशा उघडून बघा, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी. १८४६ च्या करारात ४९ वा अक्षांश ही हद्द ठरवली आणि त्या रेघेने कॅनडाच्या एका द्वीपकल्पाचं टोक कापून अमेरिकेला दिलं. जमिनीने बाकीच्या अमेरिकेशी संबंधच नाही. शाळेला, दाताच्या डॉक्टरला जायचं तर कॅनडातून पंचवीसेक मैल गाडी चालवून पुन्हा अमेरिकेत, म्हणजे दोन नाके. करोनात ते गाव अडकलं. ऑगस्ट २०२० मध्ये बेलिंगहॅमसाठी तातडीची फेरीबोट सुरू केली. गावात एक गवताची धावपट्टी आहे. तिथून उडून बेलिंगहॅमला उतरलं तर पाण्यावरून अमेरिकेतून अमेरिकेतच! पण रोज कोण उडणार? त्या गावचं किराणा दुकान कॅनडाच्या गिऱ्हाइकांवर चालायचं. एका रेघेने किती गोष्टी कापल्या जातात.

जुहूकर

मुंबईहून. आमच्याकडे २५ मार्च ते २५ मे २०२० देशांतर्गत प्रवासी उड्डाणंसुद्धा बंद होती आणि ७ मेपासून परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली. घरातून खाली उतरायची पंचाईत, सीमा कुठली! आपल्याकडे हौशी उड्डाण इतकं थोडं आहे की हा धागा वाचताना परग्रहावरचं वाटतं. घराजवळच जुहूची धावपट्टी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एक इंजिनाच्या पस मॉथमधून टपाल घेऊन तिथे उतरले होते. तेव्हा कराची-मुंबई यांच्यात सीमा नव्हती. आज त्या मार्गाने तसं छोटं विमान नेण्याची कल्पना करून बघा.

आणि आपली मुंबईची आरोही पंडित. मे २०१९ मध्ये हलक्या क्रीडा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून कॅनडात इकालुइटला उतरली. करोनाच्या एकच वर्ष आधी. एक वर्ष उशीर झाला असता तर किती देशांच्या परवानग्या एकदम अडकल्या असत्या!

टेकडीवरचा

जुहूकर, अगदी. झारा रदरफर्ड आठवा. १९ वर्षांची मुलगी, ऑगस्ट २०२१ मध्ये बेल्जियमहून निघून जानेवारी २०२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अलास्कात नोमला आणि पुढे रशियात कितीतरी दिवस अडकून पडली होती, हवा आणि कागद दोन्हींपायी.

निळी_रेघ

टोरंटोहून. आकाशकंदीलताई, तुम्ही वेळेत गेलात आणि वेळेत आलात. फेब्रुवारी २०२१ मध्ये चित्र उलटं झालं, ते इथे नोंदवायला हवं. परदेशातून येणारी सगळी प्रवासी विमानं, खाजगी आणि भाड्याची धरून, फक्त चार ठिकाणी उतरवायचा आदेश निघाला: टोरंटो, माँट्रियल, कॅलगरी, व्हँकुवर. २२ फेब्रुवारीपासून विमानाने येणाऱ्याला स्वतःच्या खर्चाने तीन रात्रींपर्यंत सरकारमान्य हॉटेलात राहायचं. जमिनीवरून येणाऱ्याला मात्र हॉटेल नाही. मग लोक बफेलोपर्यंत विमानाने यायचे आणि टॅक्सीने पूल ओलांडायचे. माझे सासू-सासरे तसेच आले. सासरे ७४ वर्षांचे, दोन मास्क, हातात चाचणीचा कागद. जाताना हवेतून उघडं, येताना जमिनीवरून सोपं. त्यांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

आकाशकंदील

निळी_रेघ, बरोबर. म्हणूनच मार्चमध्ये बाळाच्या बारशाला मी गेले नाही. आमचं १७२ घेऊन व्हँकुवरच्या मोठ्या विमानतळावर जेटच्या रांगेत उतरायचं, वर हॉटेल, वर चौदा दिवस. बारसं व्हिडिओवरच झालं. पाळण्याची दोरी बहिणीच्या शेजारणीने हलवली, ती मूळची मेक्सिकोची. आईने पुण्याहून पाळणा म्हटला. ९ ऑगस्ट २०२१ ला कॅनडाने लस घेतलेल्या अमेरिकनांना येऊ दिलं, तेव्हा बहीण गाडीने आली. मी गाडीने तिकडे जाऊ शकले ते ८ नोव्हेंबरनंतर.

उंबरठा, राग कसला. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी तेव्हाही वरून पाहिलंय. मला कायद्याने वाट होती कारण माझा पासपोर्ट कॅनडाचा होता. विमान हे त्यानंतरचं. तुमच्याकडे वैमानिकाचा परवाना असता तरी तुमच्या व्हिसाचा प्रश्न तिथेच राहिला असता. विमान चालवता येणं आणि देशात शिरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पैशाचा आणि सोयीचा फरक होताच. तो नव्हता असं मी म्हणणार नाही.

एक विचारते. तुमचा तंबू निळा होता का? मी मोजताना कमानीच्या सगळ्यात जवळ एक निळा होता, बाहेर दोन चपलांचे जोड.

उंबरठा

नाही हो ताई, आमचा वार रविवार होता. तंबू हिरवा, बायकोने मार्केटप्लेसवरून वीस डॉलरला घेतलेला, एक खुंटी तुटकी. तिथे मी दगड ठेवायचो. शनिवारचे ते निळे कोण होते ठाऊक नाही.

तो तंबू अजून आहे. आता आम्ही दोघंही बर्नबीला आहोत, मुलगा त्यात खेळतो.

कातरवेळ

आकाशकंदीलताई, लाडवांची कृती पण टाका. डिंक तिकडे कुठे मिळाला?

आकाशकंदील

सरेतल्या पंजाबी दुकानात, गोंद म्हणून. पाव किलो डिंक, अर्धा किलो खारीक पूड, तेवढंच सुकं खोबरं भाजून, आणि गूळ अंदाजाने. बाकी उद्या फोटोसकट टाकते.